झटका मशीन कुंपणाला ठीक, कुत्र्याच्या गळ्यात नको



आज पिकाची नोंद नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं राहिलंय, ते उद्या लिहितो. आज कुत्र्याबद्दल लिहायचंय आणि जरा कडक लिहिणार आहे. कुणाला लागलं तर लागू द्या.

गेल्या पंधरा दिवसांत एक व्हिडिओ आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. एक गडी हातात रिमोट घेऊन बांधावर उभा आहे. कुत्रं दोनशे फुटांवर. हा बटण दाबतो आणि कुत्रं खाली बसतं. परत दाबतो, पळत येतं. खाली लिहिलंय, ‘आता कुत्रं ऐकणारच’. तो बघून मला तिघांनी फोन केला. "आण्णा, तुम्ही कुत्री पाळता, हा पट्टा कसाय? घेऊ का?"

तिघांनाही एकच सांगितलं. घेऊ नका. आणि हे ऐकीव नाही सांगत. मी घेतला होता. अठराशे रुपये घातले आणि अकरा दिवस वापरला. त्या अकरा दिवसांत काय झालं ते आधी सांगतो, मग माझं म्हणणं मांडतो.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, हा पट्टा म्हणजे काय ते सांगतो. गळ्यातल्या पट्ट्यावर काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते. डबीच्या आतल्या बाजूला धातूच्या दोन बोथट खुंट्या असतात. त्या केसांतून कातड्याला टेकल्या पाहिजेत, नाहीतर करंट लागत नाही. म्हणून पट्टा आवळून बांधावा लागतो. रिमोट आपल्या हातात. त्याच्यावर तीन बटणं असतात. एकानं आवाज येतो, दुसऱ्यानं डबी थरथरते, तिसऱ्यानं झटका बसतो. झटक्याला कमी-जास्त करायचे आकडे असतात. माझ्यावर एक ते शंभर होते. ही कल्पना नवीन नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या शेवटाला शिकारी कुत्र्यांसाठी असले पट्टे निघाले. आपल्या वाड्या-वस्त्यांवर आता मोबाईलवरून मागवले की येतात, एवढाच फरक.

आता मी का घेतला ते ऐका.

आमची टिकली. कारवानी आणि गावठी यांची मिसळ, त्या वेळी दीड वर्षाची. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, कपाळावर पांढरा ठिपका. कारवानी रक्ताचं कुत्रं वासापेक्षा नजरेवर जास्त पळतं, हे पाळणाऱ्यांना सांगायला नको. काही हललं की त्याच्या मागं. एकदा सुटलं की मालक काय बोंबलतोय ते त्याच्या कानातच शिरत नाही.

आमच्याकडं दरवर्षी दिवाळीनंतर एक धनगर बिऱ्हाड येतं. रिकाम्या रानात मेंढरं बसवतो. मेंढरांच्या लेंडी-मुताची किंमत काय असते ते इथल्या कृषी खात्याच्या मित्रांना आणि जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. विकतच्या खताच्या पोत्यात ते मिळत नाही. त्या बिऱ्हाडाचा आणि आमचा घरोबा वडिलांच्या वेळेपासूनचा.

त्या वर्षी टिकली मेंढरांच्या मागं लागली. चावली नाही, पण पळवली. एक कोकरू तालीवरून पडलं आणि पुढचा पाय मोडला. दोन दिवसांनी परत तेच. एक गाभण मेंढी गाभडली. टिकलीमुळंच गाभडली का, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण मी तिथं उभा होतो आणि मान खाली घातली. पैसे देऊ केले. तात्यांनी घेतले नाहीत. एवढंच म्हणाले, "आण्णा, पैशाचं ऱ्हाऊ द्या. कुत्रं आवरा. न्हायतर आमाला दुसरं रान बघाय लागंल."

त्या रात्री मी पट्टा मागवला. कुत्र्याला सुधारायला म्हणून नाही. शरमेपोटी मागवला, हे आज कबूल करतो.

पहिले दोन दिवस काम झालं. टिकली मेंढरांकडं निघाली, मी तीसवर बटण दाबलं, काही नाही. पंचेचाळीसवर दाबलं, ती केकाटली आणि जागेवर गोल फिरली. मी हाक मारली, आली. मला वाटलं, जिंकलो. तात्यांना पण दाखवलं. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी टिकली गोठ्यामागं कोंबडीवर नजर लावून दबा धरून बसलेली. मी लांबून बटण दाबलं. नेमकी त्याच वेळी माझी आई शेणाची पाटी घेऊन कोपऱ्यावरून आली. माझ्या डोक्यात होतं की झटका कोंबडीसाठी. टिकलीच्या डोळ्यांसमोर होती आई. आई आली आणि गळ्यात इंगळी डसली, एवढंच तिला कळलं. त्या दिवसापासून ज्या हातची भाकरी खाऊन ती मोठी झाली त्या हाताला ती भिऊ लागली. आई अंगणात आली की बैलगाडीखाली. आईनं एकदा प्रेमानं हात घातला तर दात दाखवून गुरगुरली. सत्तरीच्या बाईला ते किती लागलं असेल बघा. "काय केलंस रं तिला?" असं तिनं मला विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

पुढं अजून होतं. ज्या लिंबाच्या झाडाजवळ तिला पहिले दोन झटके बसले होते, त्या लिंबाच्या पलीकडं ती जाईना. आमचा मका लिंबाच्या पलीकडं. आठव्या रात्री रानडुकरं मक्यात शिरली. एरवी अशा वेळी टिकली बांधावर उभी राहून भुंकून भुंकून वस्ती जागी करायची. त्या रात्री एकदा बारीक भुंकली आणि गप. सकाळी बघतो तर पाऊण एकर आडवा. मी काय दुसऱ्याला दोष देणार? राखणीचं कुत्रं मीच गप केलं होतं.

दहाव्या दिवशी पट्टा काढून मान बघितली. खुंट्यांच्या जागी दोन ओल्या जखमा. झटक्यानं भाजलं नव्हतं. आवळून बांधलेल्या पट्ट्याच्या दाबानं आणि घासून कातडं गेलं होतं, आणि पाटात लोळून ओल राहिली होती. कारवानीचे केस आखूड, कातडं पातळ. वर माशी बसायला लागली होती. अजून दोन दिवस गेले असते तर किडे पडले असते. हे पट्टे रात्रंदिवस ठेवायचे नसतात, सारखी जागा बदलायची असते. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कोण वाचतं?

अकराव्या दिवशी पट्टा काढला तो कायमचा.

आता माझं म्हणणं.

आपल्यातले बरेच जण म्हणतील, "आण्णा, तुमच्या कुंपणाला झटका मशीन आहे. रानडुकराला, रोह्याला झटका चालतो, आणि कुत्र्याला चालत नाही? हे दुटप्पी नाही का?"

प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देतो. झटका मशीनची तार एका जागी असते. साधारण सेकंदाला एक ठोका येतो, तो पण कुणी तारेला टेकलं तरच. जनावर तारेला नाक लावतं, झटका बसतो, मागं सरतं. त्याला चटकन कळतं की हे त्या तारेनं केलं. तारेपासून लांब राहिलं की त्रास नाही. पुढच्या वेळी ते स्वतः ठरवतं. जागा ठरलेली, कारण ठरलेलं, सुटायचा रस्ता पण ठरलेला.

गळ्यातल्या पट्ट्याला जागाच नाही. कुत्रं जिथं जाईल तिथं तार बरोबर. झटका कधी बसेल हे कुत्र्याच्या हातात नाही, रिमोट धरणाऱ्याच्या अंगठ्यावर आहे. आणि कुत्र्याला रिमोट, बटण काही कळत नाही. झटका बसला त्या क्षणी जे डोळ्यांसमोर, कानात, नाकात आहे त्याच्याशी ते जोड लावतं. कधी ती मेंढी असेल, कधी आई, कधी शेजाऱ्याचं पोरगं, कधी लिंबाचं झाड. तुमचा अंगठा सेकंदभर उशिरा पडला, तरी शिकवण बदलली. उभ्या पिकात, चढ-उतारावर, दोनशे फुटांवरून कुत्रं नेमकं कशाकडं बघतंय हे तुम्हाला दिसतं का? मला दिसलं नव्हतं.

ही नुसती माझी अक्कल नाही. २००७ साली जर्मनीत हानोवरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी १४ बीगल कुत्र्यांवरचा अभ्यास छापला. त्यांनी तीन गट केले होते. एका गटाला फक्त नकली सावजाला तोंड लावलं की झटका. दुसऱ्याला बोलावल्यावर आलं नाही की झटका. तिसऱ्याला कधीही, कारण नसताना. मग लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं, म्हणजे ताणाचं संप्रेरक. पहिल्या गटात ते फारसं वाढलं नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात चांगलंच वाढलं. पहिला गट म्हणजे आपलं कुंपण. टेकलं की झटका, कारण समोर. दुसरा गट म्हणजे हा व्हिडिओतला ‘ये म्हटलं की आलंच पाहिजे’ वाला प्रकार. आणि घरोघरी हा पट्टा वापरला जाणार तो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गटासारखाच. आपण काय प्रयोगशाळेत बसलोय?

नेदरलँडमध्ये २००४ साली राखणीच्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांवर असंच निरीक्षण छापलं गेलं. झटक्यानं शिकवलेली कुत्री मैदानात तर दबलेली होतीच, पण साधं बागेत फिरायला नेलं तरी मालकाजवळ ताणात असायची. कान मागं, अंग खाली. मालक आला म्हणजे झटका येऊ शकतो, हे ती शिकली होती. टिकली गाडीखाली जाऊन बसायची ते हेच.

आता पट्टेवाल्यांची बाजू. ती पण मांडतो, नाहीतर म्हणाल आण्णा सोयीचं तेवढंच सांगतो.

पहिलं म्हणणं: "कमी आकड्यावर ठेवा, नुसत्या गुदगुल्या होतात."

मी स्वतःच्या दंडावर लावून बघितलं, आतल्या बाजूला. पंधरावर मुंगी चालल्यासारखं. तीसवर हात झटकला गेला. पंचेचाळीसवर शिवी निघाली. मेंढरामागं सुटलेल्या टिकलीला तीस जाणवलं पण नाही, पंचेचाळीसला ती थांबली. म्हणजे गुदगुल्या होतात तोवर पट्टा काम करत नाही, आणि काम करतो तेव्हा गुदगुल्या नसतात. दोन्ही एकदम कसं विकताय?

दुसरं म्हणणं: "परदेशात सगळे वापरतात."

सगळे वापरत नाहीत. जर्मनीत सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं २००६ साली सांगितलं की असल्या पट्ट्याचा वापर तिथल्या प्राणी संरक्षण कायद्यात बसत नाही. वेल्सनं २०१० साली बंदी घातली. वेल्स म्हणजे काय ते ध्यानात घ्या. तिथं माणसांपेक्षा मेंढ्या कितीतरी जास्त आहेत, कुत्रं मेंढीच्या मागं लागणं हे तिथल्या शेतकऱ्याचं रोजचं दुखणं आहे. त्यांनी हा पट्टा नको म्हटलं. आणि त्याच वेल्सचे मेंढपाळ शिट्टीवर कोली कुत्री अर्ध्या मैलावरून डावी-उजवी वळवतात.

तिसरं म्हणणं: "भाकरीचे तुकडे टाकून पळणारं कुत्रं थांबत नाही. पट्टा झटपट काम करतो."

ह्यात थोडं खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. २०२४ साली अमेरिकेत १९ कुत्र्यांवर एक अभ्यास छापला गेला. पळत्या आमिषाचा पाठलाग थांबवायचा होता. पट्टेवाल्या गटातली कुत्री एक-दोन दिवसांतच थांबली. खाऊवर शिकवलेली तेवढ्या थोड्या दिवसांत थांबली नाहीत. झटका बसल्यावर कुत्री केकाटली, हेही त्यात नोंदवलंय. पण तिथं हातात रिमोट धरणारा शिकवलेला माणूस होता, मोकळं मैदान होतं, पळणारी वस्तू एकच होती. आपल्या वस्तीवर रिमोट कुणाच्या हातात जाणार? आज माझ्या, उद्या गड्याच्या, परवा सुट्टीला आलेल्या पोरांच्या. बटण दाबल्यावर कुत्रं उडतं ही पोरांना मजा वाटते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि दुसरी बाजू ही. इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठाच्या लोकांनी ६३ कुत्र्यांवर अभ्यास केला. सगळी पाळीव, हाकेला न येणारी नाहीतर जनावरांमागं पळणारी. एका गटाला पट्टा, आणि शिकवणारे पट्ट्याच्या धंद्यातल्यांनीच सुचवलेले. दुसऱ्या गटाला तेच शिकवणारे, पण पट्ट्याविना. तिसऱ्या गटाला बक्षिसावर शिकवणारे. २०१४ साली निकाल छापला. पट्ट्यानं जास्त फायदा झाला असं दिसलं नाही, आणि पट्टेवाल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा जास्त दिसल्या. २०२० साली त्याच कुत्र्यांच्या चित्रफिती परत तपासल्या. ‘ये’ आणि ‘बस’ ह्या दोन साध्या हुकमांना बक्षिसावर शिकलेली कुत्री पहिल्याच हाकेला जास्त वेळा आणि लवकर ऐकत होती. व्हिडिओतला गडी बांधावर जे दाखवतोय ते हेच दोन हुकूम आहेत. त्यासाठी करंट कशाला?

चौथं म्हणणं सगळ्यात जड आहे. "मेंढीमागं लागलेलं कुत्रं शेवटी कुणीतरी काठीनं नाहीतर विष घालून मारतं. मरण्यापेक्षा झटका बरा."

ह्याच विचारानं मी पट्टा घेतला होता, म्हणून ह्याला हसण्यावारी नेत नाही. पण झटका आणि मरण ह्यांच्यामध्ये साखळी आहे ना? मेंढरं रानात असताना कुत्रं बांधून ठेवणं हा शंभर टक्के उपाय आहे, त्याला बॅटरी लागत नाही. कुत्रं बांधायला आपल्याला कंटाळा येतो, म्हणून आपण त्याच्या गळ्यात करंट बांधतो. हे मी तुम्हाला म्हणत नाही, स्वतःला म्हणतोय. मेंढरं येण्याआधी चार दिवस टिकलीला आडोशाला सावलीत बांधली असती, सकाळ-संध्याकाळ दोरीनं फिरवली असती, तर कोकराचा पाय मोडला नसता. चूक कुत्र्याची नव्हती. राखणदार मोकळा सोडून मी चहा पीत बसलो होतो.

बैलाचंच बघा. पराणीला आर असते. चांगला गाडीवान दिवसभरात ती एकदा टोचत नाही, नुसती पराणी उचलली की बैल समजतो. जो सारखी टोचतो त्याच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर गाठी येतात आणि बैल अडेल होतो. अशा माणसाला आपण गावात ‘ह्याला बैल हाकायला येतो’ म्हणत नाही. मग रिमोट दाबणाऱ्याला कुत्रं शिकवायला येतं असं का म्हणायचं?

आणि पट्ट्याचंच म्हणाल तर, हिमालयातले गद्दी मेंढपाळ राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात. बिबट्या गळा धरतो म्हणून. त्या पट्ट्याचे काटे बाहेरच्या बाजूला असतात. आपल्या ह्या पट्ट्याचे आतल्या बाजूला आहेत. राखण करणाऱ्या जनावराशी आपण कसं वागायचं, ह्याचा विचार त्या मेंढपाळानं आपल्या आधी केलाय.

बरं, नुसतं नको म्हणून चालत नाही. मग करायचं काय? मी जे केलं ते लिहितो. ह्यात नवीन काही नाही.

एक. जखमा भरेपर्यंत काही शिकवलं नाही. पंधरा दिवस फक्त आईच्या हातनं खायला घातलं. आधी आई लांब भाकरी ठेवून जायची, मग जवळ, मग हातातून. सोळाव्या दिवशी टिकली गाडीखालून आपणहून आली.

दोन. तीस-पस्तीस फुटांचं हलकं चऱ्हाट घेतलं. गळ्याला नाही बांधलं, छातीला जो पट्टा येतो त्याला बांधलं. कुत्रं पळत जाऊन झटकन थांबलं तर मानेला हिसका बसतो, म्हणून. चऱ्हाट हातात गुंडाळू नका, बोटं जातील. जमिनीवर सोडा, लागलं तर पाय ठेवा.

तीन. हाक एकच ठरवा. घरात एकानं ‘ये’, दुसऱ्यानं ‘चल’, तिसऱ्यानं ‘हाड’ म्हटलं तर कुत्र्यानं ऐकायचं कुणाचं? आम्ही शिट्टी ठरवली. शिट्टीत राग येत नाही, आणि ती सगळ्यांची सारखीच वाजते.

चार. सुरुवात अंगणात, चार पावलांवरून. शिट्टी, आली की लगेच तुकडा. लगेच म्हणजे ती पायाशी पोचताक्षणी, खिसा चाचपत बसायचं नाही. भाकरी रोजची आहे, तिचं मोल कमी. म्हणून शिट्टीला फक्त सुकट नाहीतर उकडलेल्या अंड्याचा तुकडा. दिवसात तीन वेळा, पाच-पाच मिनिटं. त्याच्यापुढं कुत्र्याचं लक्ष राहत नाही, आपलं पण राहत नाही.

पाच. अंगणात दहापैकी नऊ वेळा आली की मग बांधावर. बांधावर जमली की शेळ्या लांब दिसतील अशा जागी. मग हळूहळू जवळ. जिथं ऐकेना तिथं आपण घाई केलीय असं समजायचं आणि मागं यायचं. ह्याला मला दीड महिना लागला.

सहा. उशिरा आली तरी मारायचं नाही. हे सगळ्यात अवघड. अर्धा तास पळवून आलेल्या कुत्र्याला आपण हाणतो आणि ते शिकतं की मालकाजवळ गेलं की मार बसतो.

सात. पिल्लू आणणार असाल तर आत्तापासून विचार करा. पिल्लाचे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातले दिवस फार मोलाचे. त्या दिवसांत ते ज्यांच्यात वाढतं त्यांना आपलं मानतं. धनगरांची पिल्लं वाड्यात कोकरांबरोबर लोळत मोठी होतात, म्हणून ती मेंढरामागं लागत नाहीत, मेंढरामागं चालतात. त्यांना कुणी पट्टा लावलाय? टिकली मी पाच महिन्यांची आणली होती आणि तिनं तोवर मेंढरू बघितलंच नव्हतं. तो दोष पण माझाच.

आता खरं सांगतो, टिकली शंभर टक्के सुधारली असं नाही. ससा उठला तर अजून तिचे कान बंद होतात. ससा मारणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, म्हणून माळावर नेताना चऱ्हाट असतंच. मेंढरं रानात असली की ती बांधलेली असते, दिवसातून दोनदा मी तिला चऱ्हाटावर मेंढरांच्या कडेनं फिरवतो. पण साध्या दिवशी, शेळ्यांच्या कडेनं जाताना शिट्टी मारली की वळते. आणि मक्याला रात्री राखण आहे.

शेवटी दोन मागण्या करतो.

इथं कृषी सहायक आहेत, पशुवैद्यक आहेत, कृषी सेवा केंद्र चालवणारे मित्र आहेत. तुमच्याकडं शेतकरी झटका मशीन विचारायला येतो तेव्हा तुम्ही त्याला अर्थिंग सांगता, तार किती उंच ते सांगता, थेट घरची लाईट कुंपणाला जोडू नको, माणूस मरेल म्हणून दटावता. तसंच हे पण सांगा. उद्या हा पट्टा तुमच्या दुकानात ठेवा म्हणून कुणी आलं तर ठेवू नका. नफा दोनशे रुपये असेल, पण जखम घेऊन तो शेतकरी तुमच्याच गावच्या डॉक्टरकडं येणार आहे.

दुसरी मागणी आपल्या सगळ्यांना. कायद्याचा धाक दाखवत नाही, कारण धाक राहिलेलाच नाही. जनावरांना क्रूरतेनं वागवायला बंदी करणारा आपला कायदा १९६० चा आहे. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. म्हणजे चहा-वड्याचे पैसे. तेव्हा कुणी पकडेल म्हणून थांबा असं मी म्हणू शकत नाही. आपल्या वस्तीवर रात्री कोण जागतं, त्याचा विचार करून थांबा. पंचवीस एकरांत एक हाक मारली तर धावून येणारं आहे कोण? त्याच्या गळ्यात काय बांधायचं ते आपण ठरवतो, त्याला विचारत नाही.

माझ्या पट्ट्याची डबी फोडून टाकली. कुणीतरी अर्ध्या किमतीत मागितला होता, दिला नाही.

यंदा दिवाळी झाल्यावर तात्यांचा फोन आला होता. "कुत्रं कसंय?" मी म्हटलं, बांधतो, या. आले. सध्या खालच्या रानात मेंढरं बसलीत. टिकली गोठ्याजवळ बांधलेली आहे, आईजवळ. हे लिहिताना तिथूनच भुंकतेय, बहुतेक कुणीतरी वाटेनं चाललंय. बघून येतो.

उद्या घाटेअळी.